पुनर्जन्म नेमका कुणाचा? आत्मा तर जागचा हलत नाही!

ओसरी (शनिवार, रात्री ९:४०)

मंडळी,

"आत्मा अमर आहे, तो एक शरीर सोडून दुसऱ्या शरीरात जातो." कीर्तनात, शोकसभेत, व्हॉट्सॅपवरच्या श्रद्धांजलीत हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की हिंदू तत्त्वज्ञानाची ही सर्वमान्य भूमिका असणार, असं आपण धरूनच चालतो. दर्शनं, म्हणजे आपल्या तत्त्वज्ञानाच्या जुन्या शाखा, जरा उघडून पाहिली की पहिला धक्का इथेच बसतो. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा आणि अद्वैत वेदान्त, म्हणजे जवळपास सगळेच, म्हणतात की आत्मा कुठे जात नाही आणि कुठून येतही नाही. तो 'विभु' आहे, सर्वव्यापी आहे. जो आधीच सगळीकडे आहे तो जाणार कुठे?

मग मेल्यावर प्रवास कोण करतं? या एका प्रश्नावर प्रत्येक दर्शनाला धरलं, की मोक्षाबद्दल त्यांची उत्तरं एवढी वेगळी का, ते उलगडायला लागतं असं माझं मत झालंय. षड्दर्शनांचे तक्ते जालावर ढिगाने आहेत, तसलं काही इथे करत नाही.

सुरुवात नैयायिकांपासून, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांपासून, कारण त्यांचं म्हणणं सगळ्यात रोखठोक. प्रत्येकाचा आत्मा वेगळा, आणि प्रत्येक आत्मा आकाशासारखा सर्वत्र पसरलेला. ज्ञान, इच्छा, द्वेष, सुख, दुःख हे त्याचे गुण, पण अंगभूत नव्हेत. मनाशी संयोग झाला तरच उपजणारे. मन मात्र अणुएवढं. शरीर पडलं की हे अणुएवढं मन 'अदृष्टा'च्या, म्हणजे साठलेल्या धर्म-अधर्माच्या, रेट्याने हलतं. वैशेषिकांच्या प्रशस्तपादाने तर त्याला वाटेपुरतं एक 'आतिवाहिक' शरीरही देऊन ठेवलंय. नव्या देहाशी मन जोडलं गेलं की आत्म्याला तिथे अनुभव यायला लागतात. त्याचं नाव जन्म.

आता यात एक पाचर आहे. सगळेच आत्मे सगळीकडे असतील तर माझ्या या शरीरात तुमचाही आत्मा आहे आणि शेजारच्या काकांचाही. मग दाढ दुखली की ती मलाच का दुखते? उत्तर येतं, अदृष्टामुळे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात नेमका इथेच चिमटा काढतात: ते अदृष्ट तरी याच आत्म्याचं, त्याचं नव्हे, हे ठरवलं कुणी? सगळ्यांची मनं सगळ्यांच्या आत्म्यांना सारखीच चिकटलेली असताना?

मोक्षाचं म्हणाल तर मनाशी संबंध संपला की दुःख संपलं, आणि त्याबरोबर ज्ञान आणि सुखही. न्यायसूत्रातली व्याख्या एवढीशी आहे: 'तदत्यन्तविमोक्षोऽपवर्गः'. दुःखातून कायमची सुटका, बस्स. आनंदबिनंद काही नाही. यावर बाकीच्यांनी मनसोक्त टवाळी केली आहे. नैषधीयचरितात श्रीहर्षाने चार्वाकाच्या तोंडी घातलंय की शुद्धीवरच्या माणसांनी दगड व्हावं यासाठी ज्याने शास्त्र रचलं तो गोतम खरोखरच 'गो-तम', बैलांतला बैल! कुणा वैष्णवाचा श्लोक तर प्रसिद्धच आहे की वैशेषिकांच्या त्या सुखाचा लवलेश नसलेल्या मोक्षापेक्षा वृंदावनात कोल्हा झालेलं बरं. मला मात्र न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचं उत्तर आवडतं. तो म्हणतो, नित्य सुखाच्या हावेने जो मोक्षाला निघाला तो बांधलेलाच आहे, कारण हाव हेच तर बंधन.

सांख्य त्याच्याही पुढे. पुरुष, म्हणजे त्यांचा आत्मा, फक्त साक्षी. करणं-सवरणं सगळं प्रकृतीचं, म्हणजे जगाच्या जड मूळ द्रव्याचं. प्रवास करतो तो लिंगदेह: बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रियं आणि पाच तन्मात्रं (सूक्ष्म भूतं) मिळून अठरा तत्त्वांचा. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतल्या ४०व्या कारिकेत हे लिंग संस्कारांचा वास घेऊन हिंडतं, ४२व्या कारिकेत ते नटासारखी सोंगं बदलतं, ५९व्या कारिकेत नर्तकी रंगमंचावर आपलं नाचणं दाखवून निघून जाते तशी प्रकृती पुरुषापासून निवृत्त होते. आणि मग येते ६२वी. माझ्या मते साऱ्या दर्शनसाहित्यात एवढं धाडसाचं वाक्य दुसरं नाही: कुणीही पुरुष बांधला जात नाही, सुटत नाही, संसरतही नाही. संसरते, बांधली जाते आणि सुटते ती प्रकृतीच.

थांबून विचार करा. दुःख प्रकृतीचं, जन्म प्रकृतीचा, मोक्षही तिचाच. मग मी, म्हणजे तो साक्षी पुरुष, या सगळ्या खटाटोपात आलो कुठून? सांख्यांचं म्हणणं, 'आलो' असं वाटणं हाच घोटाळा. तो फिटला की कैवल्य, म्हणजे त्यांचा मोक्ष.

योगदर्शन सांख्याचंच भावंड, पण इथे एक गंमत आहे. योगसूत्र ४.१० वरच्या व्यासभाष्यात म्हटलंय की चित्तसुद्धा विभु आहे, फक्त त्याची वृत्ती आकसते नि पसरते. म्हणजे दोन देहांच्या मध्ये सामान वाहून नेणाऱ्या सूक्ष्म देहाचीही गरज नाही. विंध्यवासी नावाच्या सांख्याचार्याने असा मधला देह नाकारला होता, हे कुमारिलभट्टाने श्लोकवार्तिकात नोंदवलंय. थोडक्यात, इथे प्रवास आहे पण प्रवासीच नाही!

आणि अद्वैत. बृहदारण्यकात (४.४.६) ज्ञान्याबद्दल म्हटलंय, त्याचे प्राण वर निघून जात नाहीत, तो ब्रह्मच असतो आणि ब्रह्मातच मिळतो. मग अज्ञानी माणसाचं काय? शंकराचार्य ब्रह्मसूत्र १.१.५ वरच्या भाष्यात शांतपणे लिहितात: 'सत्यं, नेश्वरादन्यः संसारी'. खरंय, ईश्वराखेरीज दुसरा कुणी संसारी नाहीच. देहादी उपाधींमुळे, म्हणजे वरून चिकटलेल्या मर्यादांमुळे, तो वेगळा भासतो इतकंच. म्हणजे तुमच्या-आमच्या जन्मांच्या रांगेत जो उभा आहे तो एकच आहे आणि तो मुळात रांगेत नाहीच.

रामानुज, मध्व वगैरेंबद्दल मुद्दाम लिहिलेलं नाही. इथे त्या परंपरांमध्ये वाढलेली माणसं आहेत, त्यांनी लिहावं.

कळलाव्या (शनिवार, रात्री १०:२५)

वा! म्हणजे आत्मा हलत नाही, मागचं आठवत नाही, काही ठिकाणी तर बांधलेलाच कुणी नाही. तरी पुढच्या जन्माची भीती घालून दक्षिणा मात्र याच जन्मात घ्यायची.

माझा साधा प्रश्न. ज्याला माझं नाव, गाव, माझी माणसं, काही म्हणजे काही आठवणार नाही, त्याला 'पुढच्या जन्मातला मी' का म्हणायचं? उद्या नागपुरात जन्मणाऱ्या कुठल्याशा पोराला माझ्या पापाची शिक्षा मिळणार असेल तर ती मला नाही मिळाली, त्या पोराला मिळाली.

आणि पितृपक्ष तोंडावर आहे म्हणून सर्वदर्शनसंग्रहातला चार्वाकांचा सवाल इथे ठेवतो: श्राद्धाने मेलेल्यांचं पोट भरत असेल तर प्रवासाला निघालेल्या माणसाने शिदोरी कशाला बांधायची? घरीच वाढा की ताट!

शेजघर (शनिवार, रात्री ११:०२)

लेख आवडला. याज्ञवल्क्याला आर्तभागाने हाच प्रश्न विचारला होता: मेल्यावर वाणी अग्नीत जाते, प्राण वायूत, डोळे सूर्यात, मग हा पुरुष उरतो कुठे? तेव्हा याज्ञवल्क्य म्हणाले, बाबा रे, हात दे, हे चारचौघांत बोलायचं नाही, आपण दोघंच बाजूला जाऊन बोलू. आणि ते दोघं जे बोलले ते कर्माबद्दल बोलले (बृहदारण्यक ३.२.१३). आपण तेच रात्री अकरा वाजता चव्हाट्यावर घेतलंय. :)

न्यायसूत्रांमधला पुनर्जन्माचा पुरावा इथे यायला हवा होता. आठवणींवर त्यांची भिस्त नाहीच. ते म्हणतात, नुकतं जन्मलेलं मूल दुधासाठी तोंड पुढे करतं, भितं, हसतं. या जन्मात त्याला सवय नाही, तेव्हा ही सवय मागची. प्रतिपक्षी म्हणतो, कमळ उमलतं-मिटतं, त्याला काय मागचा जन्म असतो? लोखंड चुंबकाकडे ओढलं जातं, ते काय सवयीने? गौतमाचं उत्तर, कमळाचं उमलणं ऊन, थंडी, पाऊस यांमुळे, आणि चुंबक लोखंडालाच ओढतो, मातीच्या ढेकळाला नाही, म्हणजे तिथेही काही नेमलेलं कारण आहेच. भुकेने अन्नाकडे जाण्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, ते म्हणजे अभ्यास, सवय. मग बाळापुरतं ते बदलायचं कशाला?

आज आपण याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणू. गर्भातलं मूलही अंगठा चोखतं, सोनोग्राफीत दिसतं. पण प्रतिपक्षाचं म्हणणं इतक्या ताकदीने मांडून मग खोडायचं, ही रीत आपल्या आजच्या चर्चांमध्ये फार दिसत नाही.

कळलाव्या (शनिवार, रात्री ११:१५)

प्रतिपक्षी जिंकला की हो त्यात. चुंबकवाला बरोबर होता. त्याला 'जीन' माहीत नव्हते इतकंच.

ओसरी (रविवार, सकाळी ७:५०)

@कळलाव्या, या पुराव्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण पुनर्जन्माची खरी मदार तिथे नाही. ती आहे 'कृतहान' आणि 'अकृताभ्यागम' या जोडीवर: केलेल्या कर्माचं फळ न मिळता ते वाया जाणं, आणि न केलेल्याचं फळ माथी येणं. जन्म एकच मानला तर दोन्ही दोष पदरात पडतात. कुणी आंधळा जन्मतो, कुणी राजाच्या पोटी, दोघांनीही अजून काही केलेलं नाही. हे अकारण होतं असं म्हणायला नैयायिक तयार नाही.

तुमचा नागपूरच्या पोराचा आक्षेप जोरदार आहे, कारण तुम्ही अकृताभ्यागमाचा बाण त्यांच्यावरच उलटवलात. न आठवणाऱ्याला शिक्षा म्हणजे न केल्याचीच शिक्षा. नैयायिक म्हणेल, दोन वर्षांचे असतानाचं तुम्हाला काही आठवत नाही, तरी तेव्हा हात भाजला त्याचा डाग मिरवता ना? आठवण हा पुरावा असू शकतो, मालकीची अट नव्हे. मला हे उत्तर अर्धंच पटतं.

बौद्धांचंही सांगायला हवं. त्यांना आत्माच मान्य नाही, पण पुनर्जन्म मान्य आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन हा भिक्षू म्हणतो, पुन्हा जन्मणारा तोच नसतो आणि दुसराही नसतो, रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या ज्योतीसारखं ते आहे. वरचं व्यासभाष्य वाचल्यावर मला तरी वाटतं की प्रवासी नसलेल्या प्रवासाच्या बाबतीत योगवाले आणि बौद्ध फार लांब नाहीत. भांडण आहे ते साक्षीवरून.

तांबडी माती (रविवार, सकाळी ९:३०)

गोव्याहून लिहितेय. हा धागा आमच्या घरातला वाद आहे, अक्षरशः. आम्ही सारस्वत. वडिलांकडचे स्मार्त, मठ कवळ्याचा, म्हणजे गौडपादाचार्यांचा, पक्कं अद्वैत. आईचं माहेर काणकोणकडलं, वैष्णव, पर्तगाळीचा मठ, म्हणजे मध्वमत. कॅलेंडरात स्मार्त एकादशी नि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी आल्या की घरात कोणी कधी उपास करायचा यावरून सुरू होतं ते थेट जीव-ब्रह्मापर्यंत जातं.

ओसरी, तुम्ही 'आत्मा हलत नाही' म्हणता ते आजोळी कुणी ऐकून घेणार नाही. मध्वांच्या मते जीव अणु आहे. तो देहातून खरोखर निघतो, खरोखर जातो, खरोखर येतो. आणि भेद पाच, पाचही खरे, पाचही कायमचे: ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड, जड-जड. मोक्षातही कुणी कुणात विरघळत नाही. एवढंच नाही, तिथेही सगळ्यांचा आनंद सारखा नसतो. ज्याची जेवढी योग्यता तेवढा त्याचा आनंद, आणि तो तेवढ्यात भरून पावलेला, म्हणून तिथे हेवादावा नाही. याला आनंदतारतम्य म्हणतात.

पण खरं सांगू का, मला आजोळचं एक पचत नाही. मध्वांनी जीवांचे तीन वर्ग केलेत: मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य. तिसऱ्यांच्या नशिबी कायमचा अंधतमस, सुटका कधीच नाही. बाकीचे बहुतेक आचार्य निदान दार किलकिलं ठेवतात, इथे ते काहींसाठी बांधलेलंच नाही.

पोथीपान (रविवार, दुपारी १२:१०)

गोवेकर ताईंनी मूळ मुद्द्यावर आणलं. जीव विभु की अणु, हा भांडणाचा गाभा आणि तो एका सूत्रात पकडता येतो. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात सूत्र आहे, 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्'. श्रुती जीवाचं निघणं, जाणं आणि परत येणं सांगते, तेव्हा जीव अणु. सर्वव्यापी असता तर निघाला-गेला-आला म्हणता आलं नसतं. आता बघा, शंकराचार्य हे सूत्र आणि पुढची बरीच सूत्रं पूर्वपक्ष, म्हणजे पुढे खोडायचं प्रतिपक्षाचं मत, म्हणून वाचतात, आणि 'तद्गुणसारत्वात्तु' या सूत्रापासून त्यांचा सिद्धांत सुरू होतो: जीवाला अणु म्हटलंय ते बुद्धीच्या उपाधीवरून. रामानुज आणि मध्व तीच सूत्रं सिद्धांत म्हणून वाचतात! सूत्रं तीच, क्रमही तोच, आणि सूत्रकार बादरायणाचं मत कुठे सुरू होतं एवढ्यावर हजार वर्षांचा वाद. मला विचाराल तर नुसती सूत्रांची रांग पाहता रामानुजांचं वाचन सरळ वाटतं. एवढी ओळीने सूत्रं पूर्वपक्षासाठी खर्च करायची म्हणजे जरा जास्तच होतं.

रामानुजांचा जीव अणु असला तरी त्याचं ज्ञान दिव्याच्या प्रभेसारखं पसरतं, म्हणून पायाला टोचलेलं डोक्यापर्यंत कळतं. कर्म या प्रभेला आक्रसवतं, मोक्षात ती पूर्ण पसरते. तिथे जीव राहतोच, ईश्वराचं शरीर म्हणून, आणि दगडासारखा नव्हे, आनंदात.

त्यामुळेच जीवन्मुक्ती त्यांना मुळीच मान्य नाही. अद्वैती म्हणतात, ज्ञान झालं की इथेच मुक्त, फक्त प्रारब्ध उरलं म्हणून देह चालतो, सुटलेला बाण वेग संपेपर्यंत जातोच. सांख्यांचं कुंभाराचं चाकही तेच सांगतं (कारिका ६७). ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या श्रीभाष्यात रामानुज विचारतात, ही जीवन्मुक्ती म्हणजे काय? शरीर असतानाच मोक्ष? हे तर 'माझी आई वांझ आहे' म्हणण्यासारखं झालं!

शेजघर (रविवार, दुपारी १२:४०)

'माझी आई वांझ आहे'... हे लोक आज असते तर या संस्थळावर एकेकाचा आयडी उडाला असता.

पोथीपान, मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर, म्हणजे माकडाच्या नि मांजराच्या पिल्लाचे दृष्टान्त, राहिलं.

पोथीपान (रविवार, दुपारी १:०५)

ते रामानुजांनंतरचं, त्यांच्या अनुयायांमधलं. त्यांचे दोन पंथ. वडकलै म्हणतात, माकडिणीच्या पिल्लाला आईला घट्ट धरावं लागतं, तसं जीवाने काहीतरी करायला हवं. तेन्कलै म्हणतात, मांजरी पिल्लाला स्वतःच तोंडात धरून नेते, पिल्लाने काही करायचं नसतं. प्रपत्ती, म्हणजे शरणागती, दोघांनाही हवी. वाद फक्त तिच्यात जीवाचा वाटा किती, याचा.

कळलाव्या (रविवार, दुपारी २:३०)

सगळं छान. श्राद्धाचं कुणीच बोललं नाही. आजोबा पुन्हा जन्मले असतील तर पिंड कुणाला?

ओसरी (रविवार, संध्याकाळी ६:१५)

विसरले नव्हते, शोधत होते. मत्स्यपुराणात तुमचाच प्रश्न विचारलाय, बापाला भलतीच योनी मिळाली असेल तर अन्न पोचतं कसं? उत्तर असं की पिता देव झाला असेल तर ते अन्न अमृत होऊन जातं, पशू झाला असेल तर गवत होऊन. नाव-गोत्र आणि मंत्र ते पोचवतात, वसु, रुद्र, आदित्य मध्यस्थ. पुराणाने पत्ता बदलला तरी टपाल पोचेल अशी सोय केलीय खरी, पण ती मागाहून केलेली सोय आहे हे लपत नाही. पितरांची कल्पना वेदांमध्ये आधीपासून होती, पुनर्जन्माचा विचार उपनिषदांमध्ये ठसठशीत झाला, आणि दोन्ही सोडवेनात. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात स्पष्टच लिहिलंय की कर्म-पुनर्जन्मावर ठाम श्रद्धा असणाऱ्याला पिंडाने पितर तृप्त होतात या समजुतीशी तिचा मेळ घालणं अवघड जाईल. हे लिहिणारा कुणी चार्वाक नव्हता, धर्मशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक दुसरा दाखवता येणार नाही.

मीमांसकांना, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्यांना, मात्र याची फार अडचण नव्हती. त्यांचा मूळ रस मोक्षात नव्हताच. वेदाने सांगितलेलं कर्म करा, त्यातून 'अपूर्व' नावाची शक्ती उपजते, ती वेळ आली की फळ देते. त्यांचे भाष्यकार शबरस्वामी यांच्यापर्यंत सर्वोच्च फळ म्हणजे स्वर्ग. कुमारिलांच्या काळापर्यंत मोक्षाचा बोलबाला इतका झाला की त्यांनाही उत्तर द्यावं लागलं, आणि ते फार हिशेबी आहे: काम्य आणि निषिद्ध कर्मं टाळा, नित्य-नैमित्तिक करत राहा, जुनं भोगून संपवा, नवं साठवू नका. पुढचं शरीर मिळायला कारणच उरणार नाही. शंकराचार्य यावर म्हणतात, अनंत जन्मांचं साठलेलं एका जन्मात भोगून संपतं कसं? आणि नवं काहीच साठणार नाही असं जगणारा माणूस दाखवा.

उंबरठा (रविवार, रात्री ८:२०)

दोन दिवस वाचतोय. सगळे अणु-विभु करताहेत, पण या सिद्धांताचा भार ज्यांच्या पाठीवर पडला त्यांचं नाव अजून कुणी काढलेलं नाही.

छांदोग्य ५.१०.७. चांगलं वागणारे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनीत जातात, घाणेरडं वागणारे कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या. हे पुराणातलं नाही, उपनिषदातलं आहे. चांडाळ कुणाच्या ओळीत बसवलाय बघा.

मंगळवेढ्याच्या चोखोबांनी हे स्वतःला लावून घेतलं: 'कृष्णनिंदा घडली होती। म्हणोनि महार जन्म प्राप्ती॥ चोखा म्हणे विटाळ। आम्हां पूर्वींचें हें फळ॥' एवढा शुद्ध मनाचा माणूस, आणि स्वतःच्या अपमानाचं कारण मागच्या जन्मातल्या स्वतःच्या पापात शोधतो. अकृताभ्यागमाचा दोष टाळायला तयार केलेलं हत्यार नेमकं कुणावर चाललं?

आणि त्यांचाच मुलगा कर्ममेळा विठ्ठलाला विचारतो: 'आमुची केली हीन याती। तुज कां न कळे श्रीपती॥' बाप म्हणतो, मी केलं. मुलगा म्हणतो, तू केलंस. एका पिढीत कर्मसिद्धांत उलटा करून देवाच्या दारात ठेवला. माझ्या लेखी तत्त्वज्ञान हे आहे.

शेजघर (रविवार, रात्री ८:५५)

+१. कर्ममेळ्याचा अभंग या अंगाने कधी वाचला नव्हता.

कळलाव्या (रविवार, रात्री ९:१०)

ओसरी, अद्वैतवाल्यांना विचारा की आता. परमार्थात जन्मच खोटा, बांधलेला कुणी नाही. मग जात कशी काय खरी राहिली बुवा?

ओसरी (रविवार, रात्री १०:४०)

उंबरठा, तुमची पोस्ट मूळ लेखापेक्षा मोलाची आहे.

कळलाव्या, प्रश्न टाळण्यासारखा नाही. गौडपाद कारिकेत (२.३२) म्हटलंय: निरोध नाही, उत्पत्ती नाही, बद्ध नाही, साधक नाही, मुमुक्षू नाही, मुक्तही नाही, हाच परमार्थ. त्याच परंपरेतले शंकराचार्य ब्रह्मसूत्राच्या अपशूद्राधिकरणात शूद्राला वेदाध्ययनाद्वारे ब्रह्मविद्येचा अधिकार नाही असं स्मृतींचे आधार देत लिहितात. विदुर, धर्मव्याध यांना ज्ञान झालं त्याचं काय? ते म्हणतात, पूर्वजन्मीच्या संस्कारांमुळे. ज्ञानाचं फळ कुणाला नाकारता येत नाही, आणि इतिहास-पुराणांचा मार्ग चारही वर्णांना खुला आहे. बघा, ज्या पुनर्जन्माला परमार्थात जागा नाही तोच इथे अपवाद गुंडाळायला कामी आला. काशीच्या चांडाळाची गोष्ट आणि मनीषापंचक लोक यावर उतारा म्हणून पुढे करतात. ते आचार्यांच्या नावावर आहे, सुंदर आहे, पण भाष्यातलं लिहिलेलं त्याने पुसलं जात नाही. व्यवहार आणि परमार्थ असे दोन मजले केले की खालच्या मजल्यावर काहीही चालू ठेवता येतं, ही अद्वैताची पडकी बाजू आहे. अद्वैत मला सगळ्यात जवळचं वाटतं, तरीही हे लिहिते.

हरिपाठ (सोमवार, सकाळी ६:१०)

रामकृष्णहरी. आमच्याकडे हा प्रश्नच वेगळ्या बाजूने येतो. तुकोबा म्हणतात, 'न लगे मुक्ति धन संपदा। संतसंग देई सदा॥ तुका म्हणे गर्भवासीं। सुखें घालावें आम्हांसी॥' तुम्ही सगळे गर्भवास चुकवायची युक्ती शोधताय, हे बुवा तो मागून घेताहेत. तुझा विसर पडू नये, एवढीच अट.

आणि माउलींचा उल्लेख कसा राहिला? गीतेतलं जुन्या वस्त्राचं उदाहरण त्यांनी घेतलं आहे: 'जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे। मग नूतन वेढिजे। तैसें देहांतरातें स्वीकारिजे। चैतन्यनाथें॥' म्हणजे आत्मा वस्त्र बदलतो असं स्वच्छ आहे की.

ओसरी (सोमवार, सकाळी ८:३०)

रामकृष्णहरी. त्या ओवीने मलाही विचारात पाडलं होतं. पण थोडं पुढे त्याच अध्यायात 'उपजे तें नाशे। नाशलें पुनरपि दिसे। हें घटिकायंत्र तैसें। परिभ्रमे गा॥' आहे. रहाटगाडग्यात भरतं-रिकामं होतं ते पोहऱ्यांचं. शिवाय माउलींचं स्वतःचं मत बघायला ज्ञानेश्वरीपेक्षा अमृतानुभव अधिक उपयोगी, कारण तिथे गीतेच्या मागून चालायचं बंधन नव्हतं. तिथे त्यांनी एक अख्खं प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला दिलंय. शांकर अद्वैतात सगळा संसार अज्ञानावर उभा, आणि माउली म्हणतात अज्ञान नावाची वस्तू दाखवता येतच नाही, जे दिसतं ते एकाच वस्तूचं स्फुरण. बंध घालणारंच काही नसेल तर मोक्षाची घाई कुणाला? तुकोबांचा गर्भवास मला या वाटेवरचाच वाटतो. हा माझा तर्क, कुणाला पटला नाही तर भांडा.

पाटवाट (सोमवार, दुपारी १:४५)

भांडायला नाही, एक भर घालायला आलो. घरी महानुभाव पंथ आहे. मराठीत हा विचार ज्ञानेश्वरीच्या आधीपासून चालू होता आणि तो अद्वैती नव्हता. चक्रधरस्वामींच्या मते पदार्थ चार: जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर. चारही अनादी, एकमेकांपासून वेगळे. जीव कर्माने बांधलेला, देवतांची भक्ती केली तर त्या त्या देवतेचं फळ मिळतं, पण ते भोगून संपलं की पुन्हा खाली. मोक्ष देता येतो तो फक्त परमेश्वराला, आणि तो अवतार घेऊन सन्निधान, म्हणजे सहवास, देतो, त्यातून ज्ञान मिळतं. त्यामुळे आमच्याकडे स्मरणाला इतकं महत्त्व आहे. स्वामी कुठे बसले, कुठे जेवले, त्या ओट्यालाही नमस्कार.

तुमच्या मूळ प्रश्नाला आमच्याकडचं उत्तर म्हणजे जीवच फिरतो, तोच बांधलेला आणि तोच सुटणारा. कारिकेतल्या प्रकृतीवर काही ढकललेलं नाही.

तांबडी माती (सोमवार, दुपारी ३:२०)

पाटवाट, हे तर आमच्या आजोळच्या बरंच जवळ आहे! पण तुमच्यात जीवांचे कायमचे वर्ग आहेत का, मध्वांसारखे? म्हणजे कधीच न सुटणारा जीव?

पाटवाट (सोमवार, दुपारी ४:०५)

तसं घरी कधी ऐकलं नाही. स्वामींच्या भोवती ब्राह्मण होते तसे इतर जातींचेही होते, बाया तर खूप, आणि म्हाइंभट महदाइसेसारखे प्रश्न विचारून भंडावून सोडणारेही. संन्यास बायकांनाही होता. जीव म्हणून कुणाला दार बंद आहे असा सूर लीळाचरित्रात, म्हणजे स्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, तरी मला दिसला नाही. आश्रमात जुने अभ्यासक आहेत, त्यांना विचारून सविस्तर लिहितो.